लँथॅनम, सिरियम आणि पिकांची खरी गरज

चीनमध्ये १९८० च्या दशकापासून लँथॅनम आणि सिरियम यांची मिश्रणे खत म्हणून वापरली जात असल्यामुळे, ही दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये पिकांना नत्र-स्फुरदाइतकीच आवश्यक असतात, असा समज रूढ झाला आहे. तो चुकीचा आहे. ज्याच्यावाचून वनस्पतीचे जीवनचक्र पूर्णच होत नाही तेच आवश्यक अन्नद्रव्य, आणि या कसोटीवर यांपैकी एकही उतरलेले नाही. लँथॅनमच्या आयनाचा आकार कॅल्शियमच्या आयनाशी जवळपास जुळतो, परंतु त्याचा धनभार दोनऐवजी तीन असल्याने तो पेशीत जाणाऱ्या कॅल्शियमच्या वाटा अडवतो. अत्यल्प मात्रेत मुळे कधी जोमाने वाढतात, मात्रा वाढताच तीच मुळे खुंटतात. केवळ पहिल्या परिणामावर विसंबून खत विकत घेणे मला घातक वाटते.

दक्षिण चीनमधील दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या खाणींच्या उजाड जमिनीवर डायक्रॅनॉप्टेरिस लिनिअॅरिस हे नेचे वाढते. त्याच्या एक किलो वाळलेल्या पानांत ही मूलद्रव्ये एक ग्रॅमहून अधिक सापडतात, मात्र ती पानांच्या बाह्यत्वचेत आणि मृत, तपकिरी डागांत साठवलेली असतात. ही साठवण पोषणाची नसून सहनशक्तीची खूण आहे. खरी गरज आढळते ती पानांवर राहून मिथेनॉलवर जगणाऱ्या काही जिवाणूंना.