कपाळावरच्या पट्टीची गोष्ट

रुग्ण खुर्चीत बसलेला, कपाळावर काळी पट्टी. "‘क’ने सुरू होणारे शब्द सांगा." कमळ, कपाट, कणीस, कात्री... आणि मग गाडी अडते. पुढचा शब्द आठवण्याची धडपड सुरू असताना कपाळाच्या हाडामागे मेंदूकडे रक्ताचा ओघ वाढतो. पट्टी तो प्रकाशाने टिपते. सुई नाही, बोगद्यासारख्या यंत्रात निपचित पडून राहणं नाही.

मेंदूचं काम बाहेरून नोंदवायची सुरुवात झाली ती विजेपासून. जर्मनीत येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरी प्रथम नोंदवल्या. त्या प्रसिद्ध केल्या १९२९मध्ये. प्रकाशाची वाट त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सापडली. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे फ्रान्स योब्सिस यांनी गोमांसातलं खांद्याचं पातळ हाड उजेडासमोर धरलं आणि त्यातून लाल प्रकाश पलीकडे येताना पाहिला. हाडातून प्रकाश जात असेल तर कवटीतून का नाही? १९७७ साली त्यांचा निबंध ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आला. लाल रंगाच्या थोडं पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा किंवा न दिसणारा प्रकाश कातडी आणि हाड ओलांडतो, आणि रक्तातलं ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन तो वेगळ्या प्रमाणात शोषतं, नसलेलं वेगळ्या. कोरोनाच्या दिवसांत घरोघरी आलेला ऑक्सिमीटर याच तत्त्वावर चालतो. बोटातून मात्र प्रकाश आरपार जातो. मोठ्या माणसाच्या डोक्यातून तो जात नाही, म्हणून आत शिरून माघारी फिरलेला प्रकाश स्रोतापासून साधारण तीन सेंटिमीटरवर पकडावा लागतो.

आधी ही पद्धत अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी वापरली गेली, कारण त्यांची कवटी पातळ. विचार करणाऱ्या मेंदूची मोजणी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जपान, जर्मनी आणि अमेरिकेत सुरू झाली.

पण कपाळच का? मुख्य कारण अगदी साधं आहे: तिथे केस नसतात. केस प्रकाश अडवतात. कपाळामागे नेमका मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे शब्द शोधण्याचं, आखणी करण्याचं ठिकाण, हा आपल्या पथ्यावर पडलेला योग.

याच सोयीत मोठी अडचण दडलेली होती. कपाळाच्या कातडीतही रक्त असतं, आणि शब्द शोधताना माणूस ताणात आला की तेही वाढतं. जपानी संशोधकांनी २०११ साली दाखवलं की, अशा शब्दचाचणीत कपाळावर दिसणाऱ्या बदलाचा बराचसा भाग मेंदूचा नसून कातडीचा असतो. तरी २०१४मध्ये जपानने ही तपासणी नैराश्याच्या निदानाला पूरक म्हणून आरोग्यविम्यात घेतली. मला ती घाई वाटते. निदानाचं लेबल माणसाला वर्षानुवर्षं चिकटतं; कातडीच्या रक्तावरून ते लागता कामा नये.

त्यावर निघालेला तोडगा मला फार आवडतो. प्रकाशस्रोताला अगदी खेटून, सेंटिमीटरभराच्या आतच, आणखी एक संवेदक लावतात. इतक्या जवळ परतलेला प्रकाश मेंदूपर्यंत पोचलेलाच नसतो, त्यात असते ती केवळ कातडीची खबर. दूरच्या संवेदकाच्या नोंदीतून ती वजा करतात.