परदेशी शिक्षणासाठी अर्थसाहाय्य (खानदेश)

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना भारताबाहेर शिकण्यासाठी मिळू शकणारी आर्थिक मदत. केंद्र व राज्य शासनाच्या शिष्यवृत्त्या, परदेशी सरकारे व विद्यापीठांचे साहाय्य, खासगी न्यासांची कर्ज-शिष्यवृत्ती आणि बँकांचे शैक्षणिक कर्ज हे तिचे मुख्य मार्ग. यांतली एकही योजना खास खानदेशासाठी आखलेली नाही. तरी या भागाचा वेगळा विचार करावा लागतो, कारण येथील कुटुंबांची ऐपत जमिनीत, पिकात आणि सोन्यात असते आणि मदत देणारा प्रत्येक जण कागद मागतो. रावेर-यावलच्या पट्ट्यातला केळीचा बागायतदार गावात सधन म्हणून ओळखला जातो, पण बँकेच्या लेखी तो कच्चा अर्जदार ठरतो. धडगाव-अक्कलकुव्याकडचा पावरा किंवा भिल्ल विद्यार्थी खरोखर गरजू असतो, पण गरिबी आणि जमात दोन्ही सिद्ध करता करता त्याच्या अर्जाची मुदत टळू शकते.

पूर्वपीठिका

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. ती देणारे महाराजा सयाजीराव गायकवाड मूळचे मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे, म्हणजे खानदेशच्या उंबरठ्यावरचे. १९२० मध्ये बाबासाहेब अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. तेव्हा हाताशी स्वतःची शिल्लक होती, राजर्षी शाहू महाराजांची मदत होती आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्जही होते. आज राज्याच्या दोन परदेशी शिष्यवृत्त्यांना याच दोन राजांची नावे आहेत. मित्राच्या कर्जाची आठवण मात्र सहसा कुणी काढत नाही. वास्तविक खर्च भागवण्याची रीत अजूनही तीच आहे: थोडे घरचे, थोडे शिष्यवृत्तीचे, उरलेले उसने.

शासकीय शिष्यवृत्त्या

राज्य शासनाची मदत सामाजिक प्रवर्गानुसार वेगवेगळ्या विभागांत वाटलेली आहे, त्यामुळे आपला दरवाजा कोणता हे आधी ओळखावे लागते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यात दरवर्षी ७५ जागा असतात. मराठा, कुणबी, मराठा-कुणबी व कुणबी-मराठा या गटांसाठी पुण्याच्या सारथी संस्थेमार्फत महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची शिष्यवृत्ती दिली जाते. तिच्याही जागा ७५, त्यांपैकी ५० पदव्युत्तर पदवीसाठी आणि २५ पीएच.डी.साठी. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी इतर मागास बहुजन कल्याण विभाग, आदिवासींसाठी आदिवासी विकास विभाग, खुल्या प्रवर्गासाठी तंत्रशिक्षण संचालनालय आणि अल्पसंख्याकांसाठी अल्पसंख्याक विकास विभाग अशी बाकीची वाटणी आहे. जळगाव जिल्ह्यातील लेवा पाटील समाज राज्याच्या इतर मागासवर्गीय यादीत कुणबी या नोंदीखाली येतो. त्यामुळे तेथील विद्यार्थ्याने कोणत्या विभागाकडे जायचे हे जातीच्या दाखल्यावर नेमके काय लिहिले आहे यावर ठरते.

शाहू महाराज, सारथी आणि खुल्या प्रवर्गाच्या योजनांचा सांगाडा एकसारखा आहे. विद्यापीठ क्यूएस जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये हवे, प्रवेशपत्र विनाअट हवे, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे. निवड झाली की शिक्षण शुल्क, निर्वाह भत्ता आणि विमानभाडे मिळते. क्रमवारीच्या अटीत एक मेख आहे. क्रमवारी विद्यापीठाची एकूण पाहिली जाते, विषयाची नाही. ठिबक सिंचनाच्या आणि केळीच्या या मुलखातला कृषी पदवीधर सिंचन किंवा उद्यानविद्येत नावाजलेल्या संस्थेत प्रवेश मिळवेल, पण ती संस्था एकूण यादीत मागे असली तर अर्ज तिथेच थांबतो. निवड यादी आणि सत्राची सुरुवात यांचा मेळ दरवर्षी बसतोच असेही नाही. यादीची वाट पाहत बसण्यापेक्षा पहिल्या सत्राची तजवीज वेगळी करून ठेवणे शहाणपणाचे.

केंद्र शासनाच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीची सुरुवात १९५४-५५ ची. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. उरलेल्या विमुक्त व भटक्या जमाती आणि भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर कुटुंबांसाठी. निर्वाह भत्ता ब्रिटनसाठी वर्षाला ९,९०० पौंड, अमेरिका व अन्य देशांसाठी १५,४०० डॉलर. येथे क्रमवारीची मर्यादा पहिल्या ५०० पर्यंत सैल आहे. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी मात्र भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास यांवरचे संशोधन वगळले. म्हणजे अहिराणी लोकगीतांवर लंडनमध्ये प्रबंध लिहू पाहणाऱ्याला हा मार्ग बंद, आणि त्याच विद्यार्थ्याने संगणकशास्त्र निवडले तर खुला. हा बदल समर्थनीय वाटत नाही. अनुसूचित जमातींसाठीची केंद्रीय शिष्यवृत्ती आदिवासी कार्य मंत्रालय देते. तिच्या जागा साऱ्या देशासाठी अवघ्या २० आहेत. नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्याच्या वाट्याला त्यातून किती येणार, हे सांगायला नको.

दाखले

अर्जातला सर्वांत वेळखाऊ भाग परीक्षेचा किंवा मुलाखतीचा नसून दाखल्यांचा असतो. जातीचा दाखला पुरत नाही, वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी पूर्वजांचे वास्तव्य आणि जात ठरावीक दिनांकापूर्वीच्या नोंदींनी दाखवावी लागते: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला सापडला तर काम सोपे. सातपुड्यातल्या ज्या पाड्यांवर आजोबांच्या काळात शाळाच नव्हती, तिथे गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद शोधावी लागते, आणि ती जीर्ण, मोडी लिपीतली असली तर वाचणाराही शोधावा लागतो. एका नातेवाइकाची वैधता आधी झालेली असेल तर तिचा मोठा आधार मिळतो. म्हणून पदवीच्या पहिल्या वर्षालाच हे प्रकरण जात पडताळणी समितीकडे दाखल करावे.

उत्पन्नाच्या बाबतीत एक गल्लत हमखास होते. नॉन-क्रिमीलेअर दाखल्यासाठी शेतीचे आणि पगाराचे उत्पन्न मर्यादेत धरत नाहीत. शिष्यवृत्तीची ८ लाखांची मर्यादा मात्र तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर, सर्व मार्गांच्या मिळकतीवर पाहिली जाते. त्यामुळे नॉन-क्रिमीलेअर हातात असलेला बागायतदाराचा मुलगा शिष्यवृत्तीत अपात्र ठरू शकतो.

शैक्षणिक कर्ज

खानदेशातील बहुसंख्य कुटुंबांचा खरा आधार कर्जच. बँक संघटनेच्या नमुना योजनेनुसार साडेसात लाखांपर्यंत मूर्त तारण (घर, प्लॉट, ठेव) लागत नाही, त्यावर लागते. परदेशी शिक्षणासाठी खर्चाचा १५ टक्के भाग स्वतःचा, ज्याला बँकेत मार्जिन म्हणतात. अभ्यासक्रम आणि त्यानंतर एक वर्ष हप्ते थांबतात, पुढे परतफेडीला १५ वर्षांपर्यंत मुदत मिळते. हप्ते थांबले तरी व्याज चढतच असते. या काळात निदान व्याज भरत राहिले तर पुढचा बोजा बराच हलका होतो.

एका वर्षाच्या ब्रिटिश एम.एस्सी.चा खर्चही साडेसात लाखांत मावत नाही, तेव्हा गाडी तारणापाशी येते, आणि येथेच ती अडते. शेतजमीन बँका सहसा घेत नाहीत. २००२ च्या सरफेसी कायद्याचे कलम ३१ शेतजमिनीवरील तारणाला त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवते, म्हणजे कर्ज थकले तर बँकेला ती जमीन त्या झटपट मार्गाने विकता येत नाही. शेतकऱ्याला संरक्षण म्हणून केलेली ही तरतूद त्याच्या मुलाच्या कर्जाआड येते. पंधरा एकर केळी असलेल्याला बँक विचारते, ‘जळगावात एनए प्लॉट आहे का?’ नोकरदार मामा किंवा आत्या आपला फ्लॅट तारण द्यायला पुढे येते ती अशा वेळी. आदिवासी कुटुंबांची जमीन तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ मधल्या हस्तांतरणावरच्या निर्बंधांमुळे आणखी बांधलेली असते.

राहते घर गावठाणात असले तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टी आकारणीचा उतारा, हाच बहुधा एकमेव पुरावा, आणि बँकेच्या वकिलाचे त्यावर समाधान होत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मालमत्ता पत्रके दिली जात आहेत. ज्या गावात ती आली आहेत, तिथे ही अडचण काहीशी सुटते. वारस नोंद राहिलेली असणे, सातबारावर काका-आत्यांची नावे तशीच असणे, संमतीला कुणी तयार नसणे, ही घरगुती प्रकरणे तारणाच्या निमित्ताने वर येतात.

दुसरी अडचण सहकर्जदाराच्या उत्पन्नाची. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरमुक्त असल्याने अनेक शेतकरी विवरणपत्र भरतच नाहीत. बँक आणि व्हिसा अधिकारी दोघेही तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात तेव्हा दाखवायला काही नसते. शेतीचे उत्पन्न करमुक्त म्हणून दाखवून विवरणपत्र भरता येते. मूल बारावीत असतानाच ते सुरू केलेले बरे. केळी किंवा कापसाच्या विक्रीच्या पट्ट्या, व्यापाऱ्याकडून खात्यावर आलेली रक्कम आणि आठ-अ उतारा हे जोडपुरावे म्हणून चालतात. रोखीत घेतलेले पैसे मात्र कागदावर नसतातच. वडिलांचे पीककर्ज थकीत असेल तर त्यांचा सिबिल गुणांकही, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरचे गुणही, घसरलेला असतो आणि मुलाच्या कर्जावर त्याचा थेट परिणाम होतो.

विनातारण कर्ज अशक्य नाही. काही सरकारी बँका निवडक विद्यापीठांसाठी मोठी रक्कम तारणाशिवाय देतात. बिगरबँकिंग वित्तसंस्थाही देतात, पण त्यांचा व्याजदर चढा असतो. जळगावच्या सराफ बाजारामुळे घरात सोने असणे येथे नवलाचे नाही. परीक्षा शुल्क, विद्यापीठाची अनामत, व्हिसा असे कर्ज मंजुरीपूर्वीचे खर्च बरीच घरे सोनेतारणावर भागवतात. त्या थोड्या मुदतीसाठी ते ठीक. पूर्ण शिक्षण त्यावर नेऊ नये.

इतर मागासवर्गीय वित्त महामंडळाची व्याज परतावा योजना फारशी कुणाला माहीत नसते. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबाने परदेशी शिक्षणासाठी घेतलेल्या २० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते नियमित भरल्यास, १२ टक्क्यांपर्यंतचे व्याज महामंडळ परत करते. अल्पसंख्याकांसाठीची ‘पढो परदेश’ ही केंद्राची व्याज-अनुदान योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे, तरी सल्लागारांच्या पत्रकांत ती अजून दिसते.

पैसे बाहेर पाठवताना ठरावीक मर्यादेपुढच्या रकमेवर उगमस्थानी कर (टीसीएस) गोळा होतो. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर ही मर्यादा वर्षाला १० लाख झाली आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर तो लागत नाही. कर्जावरील व्याज जुन्या करप्रणालीत कलम ८०-ई खाली आठ वर्षे वजावटीस पात्र होते.

परदेशी सरकारे, विद्यापीठे आणि न्यास

ब्रिटनची चिव्हनिंग, अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू, राष्ट्रकुल शिष्यवृत्ती, युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडस, जर्मनीची डाड आणि जपानची मेक्स्ट ही ठळक नावे. चिव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. फुलब्राइट-नेहरूच्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीला तीन वर्षांचा, शिवाय अमेरिकी बॅचलर पदवीच्या तोडीचे शिक्षण. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर ते भरत नाही, पुढची पदवी किंवा पदविका जोडावी लागते. इरॅस्मस मुंडस महिन्याला १,४०० युरो देते आणि कामाच्या अनुभवाची सरसकट अट घालत नाही. नुकत्याच पदवीधर झालेल्यांनी तिच्याकडे अधिक पाहायला हवे.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचा अपवाद सोडून. तिथे सत्राला १,५०० युरो पडतात. पण फुकट म्हणजे बिनपैशाचे नव्हे. व्हिसासाठी ११,९०४ युरो ‘ब्लॉक्ड’ खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, ठेवून दाखवावे लागतात. ब्रिटनमध्ये निर्वाहाची रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. केळीचे पेमेंट आले म्हणून आदल्या आठवड्यात भरलेली रक्कम तिथे चालत नाही.

अमेरिकेत पीएच.डी.ला शुल्कमाफीसह अध्यापन किंवा संशोधन साहाय्यक म्हणून वेतन मिळण्याची पद्धत रुळलेली आहे. एम.एस.ला ते क्वचित आणि प्रवेशानंतर मिळते, म्हणून त्याच्या भरवशावर हिशेब मांडू नये. अमेरिकी सरकारची विद्यार्थी मदत परदेशी विद्यार्थ्यांना लागू नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी यांसारखी मोजकी विद्यापीठे मात्र पदवीच्या प्रवेशात परदेशी विद्यार्थ्याचीही ऐपत न पाहता निवड करतात आणि गरजेइतकी मदत देतात.

भारतीय न्यासांमध्ये १८९२ चा जे. एन. टाटा एन्डोमेंट सर्वांत जुना. त्याची मदत सवलतीच्या कर्जाच्या रूपात असते. के. सी. महिंद्रा न्यास बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती देतो, इनलॅक्स शिवदासानी प्रतिष्ठान पूर्ण शिष्यवृत्ती. खानदेशातल्या ज्ञाती मंडळांचा वाटाही विसरता येत नाही. रक्कम लहान असते, पण ती वेळेवर मिळते आणि जामीनदार बहुधा तिथेच भेटतो.

वैद्यकीय शिक्षण

रशिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, जॉर्जिया येथे एमबीबीएससाठी जाणाऱ्यांना वरीलपैकी बहुतेक काही लागू होत नाही. राज्याच्या योजना मुख्यतः पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहेत, आणि या देशांतली बहुतेक वैद्यकीय विद्यापीठे पहिल्या दोनशेत नाहीत. हा खर्च घरचा किंवा कर्जाचा. ‘नीट’ ही भारतातली वैद्यकीय प्रवेश परीक्षा उत्तीर्ण असणे सक्तीचे आहे, परतल्यावर परदेशी वैद्यकीय पदवीधरांची परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्यात पहिल्या फटक्यात न निघणारे बरेच असतात. हप्ते मात्र निकालाची वाट पाहत नाहीत. त्यामुळे या कर्जाची मुदत ठरवताना अभ्यासक्रमाच्या वर्षांपुढे परीक्षेचा आणि आंतरवासितेचा काळही धरून बँकेशी बोलावे. एजंटाने ‘शंभर टक्के लोन’ म्हटले तर ते मंजुरीपत्रावर बँकेच्या सहीने पाहिल्याशिवाय त्याला अनामत देऊ नये.