श्रोणिदाह : खानदेशातील संदर्भासह

गर्भाशय, गर्भनलिका, बीजांडे (अंडाशये) आणि त्यांच्या भोवतालचे पर्युदर (पोटाच्या आतले पातळ आवरण) यांना जंतुसंसर्गामुळे येणारी सूज म्हणजे श्रोणिदाह. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या जिल्ह्यांच्या खानदेशात हा पुस्तकी शब्द क्वचितच कानावर पडतो; ‘ओटीपोट दुखतं’, ‘पिशवीला सूज आहे’, ‘अंगावरून पांढरं जातं’ अशा शब्दांत तो सांगितला जातो, आणि तोही आधी शेजारणीला किंवा आशा कार्यकर्तीला. संसर्ग औषधांनी बरा होतो. परंतु उपचाराला उशीर झाला तर नलिकांना झालेली इजा कोणत्याही औषधाने भरून येत नाही, आणि म्हणूनच हे दुखणे अंगावर काढण्यासारखे नाही.

योनिमार्गात जंतूंचा वावर नेहमीचाच असतो, मात्र गर्भाशयमुखातील घट्ट स्राव त्यांना वर चढू देत नाही. क्लॅमिडिया आणि परमा (गोनोरिया) हे लैंगिक संबंधातून येणारे संसर्ग हा अडसर ओलांडतात. त्यांच्या पाठोपाठ, किंवा कधी त्यांच्याविनाही, योनिमार्गातीलच प्राणवायूविना वाढणारे जंतू वर शिरतात. बाळंतपण आणि गर्भपात यांनंतर, विशेषतः ते अस्वच्छ हातांनी किंवा अप्रशिक्षित व्यक्तीकडून झाले असल्यास, गर्भाशयाचे तोंड उघडे असताना जंतूंना वाट मिळते. तांबीविषयी गावोगावी असलेली भीती मात्र बरीचशी अनाठायी आहे. तांबी बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत धोका थोडा वाढतो, त्यानंतर तो फारसा राहत नाही. आधीपासून असलेला संसर्ग तपासून, निर्जंतुक साधनांनी ती बसवली तर हा थोडा धोकाही कमी होतो.

भारतात आणखी एक कारण विसरता येत नाही, ते म्हणजे जननमार्गाचा क्षयरोग. फुप्फुसातील क्षयाचे जंतू रक्तावाटे नलिकांपर्यंत पोचतात आणि पुष्कळदा काहीही न दुखता त्या बंद करून टाकतात. ताप नाही, कळ नाही, फक्त पाळी कमी होत जाते किंवा दिवस राहत नाहीत, अशा स्त्रीत हा विचार आधी व्हायला हवा, कारण त्याचा उपचार साध्या प्रतिजैविकांचा नसून किमान सहा महिन्यांचा क्षयरोगविरोधी उपचार असतो.

श्रोणिदाहाचे मुख्य लक्षण म्हणजे ओटीपोटात दोन्ही बाजूंना राहणारे दुखणे, जे चालताना, वाकताना आणि संबंधाच्या वेळी वाढते. त्याच्या जोडीला दुर्गंधीयुक्त किंवा पिवळसर स्राव, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणे, लघवीला जळजळ, ताप आणि उलट्या यांपैकी काही असते. क्वचित यकृताभोवतीच्या आवरणालाही सूज येऊन उजव्या बरगडीखाली दुखते आणि पित्ताशयाच्या दुखण्याचा भास होतो. अनेक स्त्रियांत मात्र लक्षणे इतकी सौम्य असतात की ती दुखण्यात मोजलीच जात नाहीत. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या किंवा ऊसतोडीसाठी घरदार सोडून गेलेल्या बाईची कंबर आणि ओटीपोट दुखले, तर ती आणि घरचे दोघेही कष्टाला दोष देतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असताना कामाचा खाडा परवडत नाही, आणि पुरुष डॉक्टरांपुढे ही गोष्ट उच्चारणे जड जाते. ही स्थिती एकट्या खानदेशाची नव्हे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, तर एकूण स्त्रियांपैकी केवळ ८ टक्के स्त्रियांची तशी तपासणी पूर्वी कधी झाली होती.

निदान प्रामुख्याने हातानेच होते. आतून तपासताना गर्भाशयमुख हलवल्यावर किंवा गर्भाशयावर, नलिकांवर दाब दिल्यावर दुखले, तर अहवालांची वाट न पाहता उपचार सुरू करणे योग्य मानले जाते, कारण अनावश्यक औषधांपेक्षा चुकलेले निदान अधिक महाग पडते. गर्भचाचणी मात्र आधी करावीच लागते. सोनोग्राफीत नलिका-बीजांडाचा गळू दिसू शकतो. परंतु सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणजे दाह नाही, असे ठरत नाही. आंत्रपुच्छदाह (अपेंडिक्सची सूज) आणि नलिकेतील गर्भ यांच्याशी या रोगाची गल्लत होते.

उपचारात एकाच वेळी अनेक प्रकारच्या जंतूंवर मारा करावा लागतो, म्हणून औषधेही तीन असतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात अशा रुग्णांसाठी ठरवलेल्या पिवळ्या संचात सेफिक्झिमची एक मात्रा आणि १४ दिवस रोज दोन वेळा डॉक्सिसायक्लिन व मेट्रोनिडॅझोल असते. इतरत्र सेफिक्झिमऐवजी सेफ्ट्रिॲक्सोनचे इंजेक्शन देतात. गरोदर स्त्रीला डॉक्सिसायक्लिन देत नाहीत. तिला दाखल करून वेगळे उपचार करावे लागतात. चौथ्या-पाचव्या दिवशी बरे वाटले की गोळ्या थांबवण्याची आणि उरलेल्या जावेला देण्याची रीत घातक आहे, कारण अर्धवट दबलेला संसर्ग नलिकेत राहून जातो. तीन दिवसांत उतार पडला नाही, उलट्यांमुळे गोळ्या टिकल्या नाहीत, ताप चढा राहिला किंवा गळू दिसला, तर रुग्णालयात शिरेवाटे औषधे द्यावी लागतात.

नवऱ्याचा उपचार हा या उपचाराचाच भाग आहे, आणि नेमका तोच बहुधा राहून जातो. पुरुषात क्लॅमिडिया कोणतेही लक्षण न दाखवता महिनोन्महिने राहतो, त्यामुळे ‘मला काही नाही’ या म्हणण्याला अर्थ नसतो. दोघांचा उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळावा लागतो. संसर्ग केव्हाचा आहे हे सांगता येत नसल्याने एवढ्यावरून कोणाच्या चारित्र्यावर बोट ठेवणे अन्यायाचे ठरते.

पांढरे जाणे किंवा ओटीपोटाचे दुखणे यांवर तोडगा म्हणून थेट पिशवी काढण्याचा सल्ला दिला जातो, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे आवश्यक आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, आणि ऊसतोडीला जाणारी कुटुंबे खानदेशातही आहेत. साध्या श्रोणिदाहात या शस्त्रक्रियेची गरज नसते.

दाह विरल्यावर नलिकांत व्रण राहतात. स्वीडनमधील एका दीर्घकालीन अभ्यासात नलिकांच्या इजेमुळे येणाऱ्या वंध्यत्वाचे प्रमाण एका दाहानंतर सुमारे ८, दोनदा झाल्यास २० आणि तीन किंवा अधिक वेळा झाल्यास ४० टक्के आढळले. मूल होत नाही म्हणून सासरी बोल ऐकणाऱ्या कित्येक स्त्रियांच्या मागे असे एखादे अंगावर काढलेले दुखणे असू शकते. काहींना ओटीपोटाचे दुखणे वर्षानुवर्षे चिकटून राहते.

नलिकेत गर्भ राहण्याचा धोकाही अशा स्त्रीत वाढतो. पूर्वी श्रोणिदाह होऊन गेला असेल आणि पाळी चुकल्यानंतर पोटात एका बाजूला कळ, चक्कर किंवा खांद्यात दुखणे सुरू झाले, तर नलिका फुटून पोटात रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगराळ पाड्यांवरून, जिथे पावसाळ्यात रस्ते तुटतात, १०८ ची रुग्णवाहिका ताबडतोब बोलवावी आणि शस्त्रक्रियेची व रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यावे; घरी कळ ओसरण्याची वाट पाहू नये.