दालचिनीची पूड नव्हे!

फायटर माशाची पिल्लं पोहायला लागली की मालकाची पंचाईत होते. कोरडं खाद्य तळाशी पडून कुजतं, पिल्लं ढुंकूनही बघत नाहीत. त्यांना हलतं, वळवळतं काहीतरी हवं असतं. त्यावरचा जुना उपाय म्हणजे आर्टेमिया, खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा इवलासा जीव. दुकानात डबीत मिळते ती तपकिरी पूड, एका ग्रॅममध्ये दोन-तीन लाख दाणे.

या दाण्यांना आपण अंडी म्हणतो, पण प्रत्येक कवचात सुमारे 4,000 पेशींचा गर्भ वाढ थांबवून बसलेला असतो. खाऱ्या तळ्याचं पाणी बिघडायला लागलं की मादी पिल्लं घालायचं सोडून असे कवचबंद गर्भ घालते. ट्रेहॅलोज नावाची साखर पेशींतल्या पाण्याची जागा घेऊन आतली प्रथिनं शाबूत ठेवते, म्हणून ते वर्षानुवर्षं कोरडे टिकतात. बाजारातला बराच माल अमेरिकेच्या युटाह राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून येतो. तिथे हिवाळ्याच्या तोंडावर पाण्यावर या दाण्यांचे तपकिरी पट्टे तरंगतात आणि बोटी ते गोळा करतात. आपल्या मुंबईच्या मिठागरांतही आर्टेमियाची नोंद आहे.

घरी उबवायला कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली तळ कापून उलटी टांगा. रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन गेलेलं एक लिटर पाणी, 25 ते 30 ग्रॅम खडे मीठ, चिमूटभर खायचा सोडा आणि अर्धा चमचा दाणे. एअर पंपाची नळी थेट बुचापर्यंत सोडा. एअर स्टोन लावू नका, त्याच्या बारीक बुडबुड्यांबरोबर दाणे वर चढून भिंतीला चिकटतात. पाणी 26-28 अंश, शेजारी दिवा. उजेड हवाच, विशेषतः पहिल्या काही तासांत.

पुढचं भिंगातून बघावं. कोरडा दाणा हवा गेलेल्या चेंडूसारखा एका बाजूने चेपलेला असतो. तासा-दोन तासांत पाणी पिऊन तो गोल टुमटुमीत होतो. आत ट्रेहॅलोजपासून ग्लिसरॉल बनतं, ते आणखी पाणी ओढतं, दाब वाढतो आणि शेवटी कवच तडकतं. गर्भ लगेच मोकळा होत नाही. पातळ पिशवीत गुंडाळलेला, रिकाम्या कवचाखाली लटकत राहतो. छत्रीखाली उभं असल्यासारखा दिसतो, म्हणून या टप्प्याला नावच छत्री. मग पिशवी फाटते आणि अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही छोटं नारिंगी पिल्लू झटके देत पोहू लागतं.

हे सगळं साधारण 24 तासांत. आता घाई करा. पिल्लाचं तोंड अजून चालू झालेलं नसतं, ते अंगातल्या बलकावर जगतं. सहा-आठ तासांनी ते कात टाकतं आणि त्यापुढे उपाशी ठेवलं तर शिदोरी संपत जाते. मी पहिल्या वेळी तीन दिवस जपून जपून वापरली. पिल्लं जिवंत होती, पण फिकी पडलेली. म्हणजे माशांना मी जवळपास फोलपटंच चारत होतो.

काढताना पंप बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी कवचं वर येतात, न उबलेले दाणे खाली बसतात. बुचाजवळ टॉर्च धरला की पिल्लं उजेडाकडे झुंडीने येतात. खालचे दाणे आधी सोडून द्या, मग नारिंगी ढग दाट विणीच्या सुती रुमालावर गाळा. चहाची गाळणी चालणार नाही, त्यातून ती सहज निसटतात. गोड्या पाण्याने धुऊन टाकीत सोडा. कवचं मात्र जाऊ देऊ नका, छोट्या माशांच्या आतड्यात अडकू शकतात. उरलेली पिल्लं थोड्या खाऱ्या पाण्यात फ्रिजमध्ये ठेवली तर एखादा दिवस निघतो.

दाण्यांची डबी घट्ट बंद हवी. पावसाळ्यातल्या दमट हवेने दाणे अर्धवट जागे होतात आणि उबवण्याआधीच साखर खर्चून बसतात. आणि डबीवर ठळक अक्षरांत नाव लिहा. आमच्याकडे आईने ती दालचिनी समजून गॅसशेजारच्या फळीवर ठेवली होती. बरं झालं, चहात पडायच्या आत दिसली.