२८ मिलिसेकंदांचं भाडं

ऑगस्ट २००६ मध्ये ॲमेझॉनने आपले कॉम्प्युटर इंटरनेटवरून भाड्याने द्यायला काढले, तेव्हा दर होता तासाला १० सेंट. पाच मिनिटं वापरा नाहीतर पंचावन्न, पैसे अख्ख्या तासाचे. साखरपुडा तासाभरात उरकला तरी कार्यालयवाला दिवसभराचं भाडं लावतो, त्यातलाच प्रकार. तरी लोक खूश होते, कारण त्याआधी मशीन विकत तरी घ्यावं लागे, नाहीतर महिना महिना भाड्याने.

२०१२ पासून बहुतेक दर वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास लास व्हेगासमध्ये या कंपनीच्या नव्या सेवांच्या घोषणांचा पाऊस पडतो. बहुतेक घोषणा चार दिवसांत विसरल्या जातात. मला त्यात लक्ष ठेवण्याजोगी वाटली ती एकच गोष्ट: भाड्याचं माप बारीक बारीक होत गेलं.

२०१४ मध्ये लॅम्डा नावाची सेवा आली. इथे मशीन भाड्याने घ्यायचंच नाही, नुसता कोड देऊन ठेवायचा. कोणी वेबसाइटवर फोटो चढवला की कोड जागा होतो, फोटोची छोटी प्रत बनवतो आणि पुन्हा झोपतो. मीटर तेवढ्याच वेळापुरतं. आधी ते १०० मिलिसेकंदांच्या (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) टप्प्याने पडायचं, डिसेंबर २०२० पासून १ मिलिसेकंदाने पडतं. काम २८ मिलिसेकंदांत झालं तर पूर्वी १०० चे पैसे जायचे, आता २८ चेच. पापणी लवेपर्यंत अशी तीन कामं उरकतात! याला ‘सर्व्हरलेस’, म्हणजे सर्व्हर-मशीनशिवाय चालणारं, म्हणतात, पण ते नाव फसवं आहे. आपण खाणावळीत जेवतो म्हणून चूल नाहीशी होत नाही.

(जून २०१६ पर्यंत ॲमेझॉनच्या भाड्याच्या मशीनचं केंद्र मुंबईत नव्हतं, जवळचं ठिकाण सिंगापूर. तिथवर प्रकाशाला फायबरमधून नुसतं जाऊन यायला चाळीसेक मिलिसेकंद लागतात. म्हणजे कामापेक्षा प्रवासच मोठा.)

माप बारीक करायचं तर खरी अडचण हिशेबाची नसते, भिंतीची असते. एकाच मशीनवर शेकडो अनोळखी ग्राहकांचा कोड चालतो. एकाने दुसऱ्याच्या मेमरीत डोकावता कामा नये. पक्की भिंत म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र आभासी कॉम्प्युटर (खऱ्या मशीनच्या पोटात सॉफ्टवेअरने उभा केलेला), पण तो सुरू व्हायलाच कित्येक सेकंद घेणार. २८ मिलिसेकंदांच्या कामासाठी एवढा वेळ कोण थांबेल?

यावर ॲमेझॉनने २०१८ मध्ये असे कॉम्प्युटर उभं करणारं फायरक्रॅकर नावाचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याची युक्ती सांगायला सोपी आहे: लागत नाही ते सगळं काढून टाका. या आभासी कॉम्प्युटरला स्क्रीन नाही, साउंड कार्ड नाही, यूएसबी नाही. कीबोर्डचा नावापुरता एक तुकडा आहे, तोही फक्त मशीन बंद करण्यापुरता. एवढी छाटणी केल्यावर तो सुमारे १२५ मिलिसेकंदांत उभा राहतो आणि स्वतःसाठी ५ एमबीपेक्षाही कमी मेमरी खातो. गंमत म्हणजे याची सुरुवात झाली ती प्रतिस्पर्धी गूगलच्या खुल्या कोडवरून.

मशीन उठलं तरी ग्राहकाचा प्रोग्रॅम उठायचा असतोच. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेला असेल तर तो बराच वेळ डोळे चोळत बसतो. याला ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात. ज्यांनी हिवाळ्यात सकाळी जुनी स्कूटर तिरकी करून किका मारल्या आहेत, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

२०२२ मध्ये लॅम्डात आलेल्या स्नॅपस्टार्ट या सोयीने इथे वेगळाच मार्ग काढला. प्रोग्रॅम एकदाच पूर्ण जागा करायचा आणि त्या क्षणी त्याच्या मेमरीचा जसाच्या तसा फोटो काढून ठेवायचा. मागणी आली की नव्याने सुरुवात नाही, त्या फोटोतूनच पुढे चालू. गिरवलेली उजळणी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला नको.

पण मग एक पेच पडतो, आणि मला तो या सगळ्यातला सर्वांत सुंदर वाटतो. माहिती गुप्त ठेवणाऱ्या सांकेतिक किल्ल्या बनवायला कॉम्प्युटर यादृच्छिक, म्हणजे फासे टाकल्यासारखे, आकडे काढतो. एकाच फोटोतून शंभर प्रती जाग्या झाल्या तर शंभरही जणींच्या मनात तोच आकडा! ‘कोणालाही ओळखता येणार नाही’ अशी किल्ली, आणि ती शंभर जणींकडे सारखीच. म्हणून आकडे काढणारी यंत्रणाच सुधारावी लागली, जाग आल्यावर तिने फासे नव्याने खुळखुळवावेत अशी. तरी प्रोग्रॅमरने फोटोच्या आधीच एखादा आकडा काढून खिशात टाकला असेल, तर तो फेकून नवा काढायचं काम त्याचं त्यालाच करावं लागतं.