थर्मोस्टॅट 60 दाखवतो, तरी पाइप फुटतो

शिकागो, मिनियापोलिसकडची कितीतरी मराठी कुटुंबं डिसेंबरात तीन-चार आठवडे भारतात येतात. मागे घर बंद असतं, भिंतींतल्या पाइपांत पाणी मात्र तसंच भरलेलं.

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, पण पाइप बहुतेकदा बर्फ असतो तिथे फुटत नाही. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि तोच पाइप फाडतो. नळ बारीक सोडून ठेवायचा तो मुख्यतः हा दाब सुटावा म्हणून. इलिनॉय विद्यापीठातल्या प्रयोगांनी इन्सुलेशन नसलेल्या पाइपांसाठी बाहेरचं 20 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे 7 सेल्सियस, ही धोक्याची पातळी ठरवली.

घराचं हीटिंग चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट दिवाणखान्यातल्या हवेचं तापमान मोजतो. तिथे 60 फॅरनहाइट असताना बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखाली, बंद कपाटात, पारा गोठणबिंदूजवळ पोचलेला असू शकतो. म्हणून तापमान मोजून फोनवर इशारा देणारा वायरलेस सेन्सर तिथे हवा. शिवाय घराच्या तळाखालच्या बुटक्या पोकळीत, म्हणजे क्रॉल स्पेसमध्ये, गॅरेजच्या भिंतीतल्या पाइपाशी आणि पाण्याच्या मुख्य व्हॉल्व्हजवळ. वायरच्या टोकाने तापमान मोजणारा प्रोब असलेला सेन्सर मिळाला तर उत्तम: टोक पाइपाला टेपने घट्ट चिकटवा, वरून फोम चढवा आणि सेन्सरची डबी बाहेर ठेवा. ॲल्युमिनियमचा थर असलेल्या इन्सुलेशनमागे डबी गेली तर सिग्नल अडतो. बसवण्याआधी सेन्सर झिप-पिशवीत बंद करून बर्फ-पाण्याच्या भांड्यात 20 मिनिटं बुडवा. 32 च्या, म्हणजे फॅरनहाइटमधल्या गोठणबिंदूच्या, आसपास दाखवायला हवं. 35 दाखवत असेल तर इशाऱ्याची पातळीही 3 अंश वर घ्या.

इशारा 32 वर लावणं म्हणजे उशीर. कपाटासाठी 45, क्रॉल स्पेससाठी 40 ठेवा, म्हणजे कुणीतरी पोचायला वेळ मिळतो. अल्कलाइन सेल थंडीत लवकर दम सोडतात. लिथियमचे एए सेल उणे 40 पर्यंत चालतात.

सगळ्यात दगाबाज असतो तो गप्प बसलेला सेन्सर. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासात वीज गेली, हीटिंग थांबलं आणि घरोघरी पाइप फुटले. अशा वेळी राउटरही बंद, मग इशारा कुठून येणार? राउटर, मोडेम आणि सेन्सरचे सिग्नल इंटरनेटवर पाठवणारा हब यूपीएसवर टाका. ‘दोन तास रीडिंग नाही’ हासुद्धा इशारा म्हणूनच लावा. तो कंपनीच्या सर्व्हरवरून यायला हवा, घरातल्या हबवरून नव्हे. अमेरिकेतला नंबर भारतात बंद असेल तर एसएमएसच्या भरवशावर राहू नका, ॲपची सूचना चालू ठेवा. तीच सूचना किल्ली असलेल्या शेजाऱ्यालाही जाऊ द्या, आणि मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते त्यांना निघण्याआधी दाखवून ठेवा.

खरं तर जातानाच मुख्य व्हॉल्व्ह बंद करून, नळ उघडून पाइप रिकामे करणं सेन्सरपेक्षाही खात्रीचं. मात्र घरात फायर स्प्रिंकलर किंवा गरम पाण्याचं हीटिंग असेल तर आधी प्लंबरला विचारा. पाइप गोठलाच तर नळ उघडा ठेवून, नळाच्या बाजूने सुरुवात करत हेअर ड्रायरने शेक द्या. ब्लोटॉर्च अजिबात नको. भिंतीतलं लाकूड पेट घेतं.