पाच पिचर, पाच कोपरं

१९९५ साली न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाच्या चाहत्यांना आपलं नशीब उघडलं असं वाटत होतं. बिल पल्सिफर, जेसन इस्रिंगहाउसन आणि पॉल विल्सन हे तीन तरुण पिचर एकदमच तयार होत होते. (पिचर म्हणजे आपला बॉलर, असं समजून तूर्त पुढे चला. फरक आहे, आणि सगळी गोम त्या फरकातच आहे.) विल्सन हा १९९४च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ फेरीफेरीनं नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, देशभरातल्या नवोदितांमधून सर्वांत आधी निवडलेला. इस्रिंगहाउसनला मात्र मेट्सनी चव्वेचाळिसाव्या फेरीत उचललं होतं, म्हणजे जवळपास गाळातून. त्यानं १९९५च्या अर्ध्या मोसमात ९ सामने जिंकून दिले आणि फक्त २ गमावले. तिघांचं मिळून बारसं झालं ‘जनरेशन के’. स्कोअरच्या वहीत ‘के’ ही स्ट्राइकआउटची खूण, म्हणजे तीन स्ट्राइक टाकून फलंदाजाला बाद करण्याची.

१९९६चा मोसम सुरू होतो न होतो तोच पल्सिफरच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली. आदल्या वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यानं खालची लीग आणि वरची लीग मिळून दोनशेहून जास्त इनिंग टाकल्या होत्या. (बेसबॉलच्या एका सामन्यात साधारण नऊ इनिंग असतात.) विल्सननं ५ सामने जिंकले, १२ हरले आणि पुढे त्याचा खांदा गेला. इस्रिंगहाउसनलाही शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावं लागलं. मेट्स ७१ सामने जिंकून ९१ हरले. ज्या तिघांवर पुढच्या दशकाचा डोलारा उभा राहणार होता, ते मेट्सच्या रोटेशनमध्ये, म्हणजे आळीपाळीनं सामना सुरू करणाऱ्या पिचरांत, एकत्र कधी दिसलेच नाहीत.

याला दुर्दैव म्हणावं का? मला तसं वाटत नाही. साधा हिशेब करू. संघाला १६२ सामने खेळायचे असतात, जवळपास रोज एक. सुरुवात करणारे पाच पिचर आळीपाळीनं उतरतात. समजा, प्रत्येक जण पूर्ण वर्ष धडधाकट राहण्याची शक्यता ७० टक्के आहे. (आकडा माझा, फक्त उदाहरणापुरता.) मग पाचही जण शाबूत राहण्याची शक्यता ०.७ला पाच वेळा गुणून येते: जेमतेम १७ टक्के. म्हणजे पाच चांगले पिचर असलेला संघ सहापैकी पाच वर्षं अडचणीतच असणार. संघाची खोली, म्हणजे राखीव ताकद, ती सहावा, सातवा, आठवा पिचर कोण यावरून ठरते. मेट्सनी तिघांवर भिस्त ठेवली होती.

आता तो फरक. क्रिकेटमध्ये बॉलरचा हात कोपरात १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये. त्यामुळे वेगवान गोलंदाजाचा भार कंबरेवर येतो. बुमराहची पाठ का दुखावते ते आपल्याला ठाऊक आहे. पिचरला हे बंधन नाही. तो हात कोपरात वाकवून मागे नेतो, धड पुढे फिरतं, आणि मनगट-पंजा अजून मागेच राहिलेला असतो. त्या क्षणी कोपराची आतली बाजू फाकायला बघते. नंतर खांदा सेकंदाला सुमारे ७,००० अंश या वेगानं आत वळतो. माणसाच्या शरीराच्या मोजल्या गेलेल्या हालचालींत याहून वेगवान काही सापडणं कठीण.

अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या संशोधनसंस्थेत ग्लेन फ्लाइसिग आणि सहकाऱ्यांनी हा ताण मोजला. कोपरावर साधारण ६४ न्यूटन-मीटर. कोपरापासून ३० सेंटिमीटरवर २२ किलोंचं ओझं टांगल्यासारखं, तेही प्रत्येक चेंडूला. आतल्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारी पट्टी, मृतदेहांवरच्या प्रयोगांत याच्या निम्म्या ताणातच तुटली. मग प्रत्येक पिचर पहिल्याच चेंडूला का मोडत नाही? उरलेला भार हाताचे स्नायू आणि हाडांची रचना पेलतात म्हणून. स्नायू थकले की तोच भार पट्टीकडे सरकतो.

खेळाडू घडवण्याचा सगळा तिढा इथे आहे. स्नायूंना रक्तपुरवठा भरपूर, ते काही आठवड्यांत बळकट होतात. पट्टी फार सावकाश बदलते. वजनं उचला, जड चेंडू फेका, रडारवर वेग वाढलेला दिसतो, प्रशिक्षक खूश, पोराची बढती. पट्टी किती झिजली हे दाखवणारं रडार नाही. मेजर लीगमध्ये, म्हणजे वरच्या लीगमध्ये, फास्टबॉलचा (पिचरच्या वेगवान चेंडूचा) सरासरी वेग २००८ साली ताशी ९१.३ मैल होता, २०२४ साली ९४.२ झाला. जखमी यादीत गेलेल्या पिचरांच्या नोंदी २००५मध्ये २१२ होत्या, २०२४मध्ये ४८५. वेग हे एकच कारण नसेल, पण लीगच्या स्वतःच्या अहवालानं बोट तिकडेच दाखवलं आहे.

तुटलेलं जोडता येतं ही गोष्ट १९७४पासूनची. लॉस एंजेलिस डॉजर्स या संघाचा पिचर टॉमी जॉन याचं डावं कोपर गेलं, तेव्हा डॉक्टर फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातला एक टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, काढून तिथे ओवला. अंगठा आणि करंगळी जुळवा, मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मधोमध जी दोरी वर येते, तीच ती. काहींच्या हाताला ती नसतेच आणि त्यांचं काही अडतही नाही, म्हणून ती उसनी घेता येते. जॉन परतला आणि त्यानंतर १६४ सामने जिंकला. शस्त्रक्रियेला त्याचंच नाव पडलं. सावरायला मात्र वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि तेवढ्या काळात संघाला कुणाला तरी उभं करावंच लागतं.

आजचे श्रीमंत संघ यावर उत्तर शोधतात ते संख्येत. वरच्या लीगच्या संघातल्या २६ जणांत पिचर १३च ठेवता येतात. म्हणून खालच्या लीगमधून माणसं वरखाली फिरवायची, कधी पूर्ण सामना चार-पाच जणांत वाटून काढायचा. २०२४ साली डॉजर्सचे ग्लासनाउ, कर्शॉ, स्टोन, मे, गोन्सोलिन, शीहान असे पिचर एकामागून एक जखमी होऊन बाहेर गेले. प्लेऑफचे, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीचे, सामने सुरू करायला धड पिचर तीनच उरले: यामामोटो, फ्लॅहर्टी आणि दोनदा कोपर जोडून घेतलेला वॉकर ब्यूलर. ब्यूलर त्या मोसमात १ सामना जिंकून ६ हरला होता. वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, पाचव्या सामन्यात प्रतिस्पर्धी यांकीजची शेवटची इनिंग त्यानंच गुंडाळली.

आणि जनरेशन के? इस्रिंगहाउसन सावरला, पण सुरुवातीचा पिचर म्हणून नव्हे. शेवटच्या एका इनिंगपुरता येऊन सामना वाचवणारा, म्हणजे थोडे चेंडू टाकणारा ‘क्लोजर’ म्हणून त्याचं नाव झालं, आधी ओकलंडमध्ये, मग सेंट लुईसमध्ये. २०११ साली, अडतिसाव्या वर्षी, तो मेट्सकडे परत आला आणि कारकिर्दीतला तीनशेवा सामना त्यानं त्यांच्यासाठी वाचवला.